टाकीचा कोपरा

आमच्या गल्लीच्या टोकाला, डांबर संपून जिथे माती सुरू होते, तिथे पत्र्याच्या छपराचं एक घर आहे. अंगणात सिमेंटची चौकोनी टाकी. नवीन भाडेकरू हमखास विचारतात, हिच्यात पाणी किती मावतं? पाणी तिच्यात कधी भरलंच नाही. तिच्यात झाडांचा पाला मुरत घालतात, शेळ्यांसाठी. त्या घरातल्या वहिनींबद्दल मला थोडं लिहायचं आहे. त्यांच्याबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही. मी त्यांच्या मागच्या बाजूला राहतो, माझी खिडकी त्यांच्या अंगणावर उघडते, एवढाच माझा अधिकार.

वहिनींचे यजमान वीजखात्यात होते. खांबावर चढणारे नव्हेत. मला खांबावर चढवलं तर खांबच खाली येईल, असं ते स्वतःच सांगायचे. तारांना लागणाऱ्या फांद्या छाटणारी एक टोळी असते, तिच्या गाडीवर ते होते. छाटलेला माल गावाबाहेर नेऊन टाकायचा असे. तुतीचा, सुबाभळीचा हिरवागार पाला उकिरड्यावर जाताना त्यांना बघवेना, म्हणून त्यांनी शेळ्या घेतल्या. बाकीचे लोक शेळ्यांसाठी पाला आणतात, यांनी पाल्यासाठी शेळ्या आणल्या.

पण छाटणी वर्षातून एकदाच, आणि ती थोडक्यात आटोपते. एवढा पाला शेळ्या एकदम खाणार किती? वाळवला तर पानांचा भुगा होतो आणि अर्धा वाऱ्यावर जातो. म्हणून तो मुरवायचा. कुणाकडून तरी ते हे शिकून आले होते. फांद्या दिवसभर सावलीत ठेवायच्या, पानं मरगळली की ओरबाडून काढायची, कोयत्यानं बारीक करायची, साखर कारखान्यातली मळी पाण्यात कालवून त्यावर शिंपडायची आणि टाकीत थरावर थर देऊन तुडवायची. सगळी मेख तुडवण्यात. पाल्यात हवा राहिली की तो कुजतो, हवा निघाली की मुरतो. वरून प्लॅस्टिकचा कागद घट्ट बसवायचा, त्यावर जुने टायर ठेवायचे आणि दीड महिना त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. पुढे झाडं निष्पर्ण झाली, जमीन उघडी पडली की तोच पाला हिरव्या चाऱ्याची वेळ येईपर्यंत पुरतो.

तुडवण्यासाठी वजन लागतं, आणि वजन त्यांच्याकडे देवानं सढळ हातानं दिलेलं होतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते टाकीत उतरले की गल्लीतली माणसं बघायला थांबत. त्यावरूनच त्यांचं नाव रोलर पडलं. ते नाव त्यांनीही लावून घेतलं. त्यांनी दारावर टकटक केली आणि आतून "कोण?" विचारलं तर "रोलर" म्हणत. मात्र टाकीचे चार कोपरे त्यांच्या पायांना जमत नसत. एवढा मोठा पाय कोपऱ्यात बसेल कसा? आणि हवा तर कोपऱ्यातच दडून बसते. म्हणून लेक लहान असताना कोपरे तिच्याकडे होते. मध्ये बाप गोल गोल फिरतोय, कडेनं आई पाला पसरतेय आणि पोरगी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात उड्या मारतेय, असं ते चित्र माझ्या खिडकीतून मी कित्येक वर्षं बघितलं. मोठी झाल्यावर तिला ते नकोसं झालं. त्या मुरलेल्या पाल्याचा वास अंगाला लागतो, तो साबणानं जात नाही. शाळेत मुली नाक धरून उठून जायच्या म्हणे.

वास खरोखर चिवट होता. पिकून पडलेल्या फळांसारखा आंबटगोड, आणि त्यात ओल्या चामड्याची थोडी झाक. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. रोलर येऊन अर्धा तास गप्पा मारून गेले की संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकं विचारायची, काका, मागे लोणचं घातलंय का?

ते गेले ते मागल्या वर्षी, पानगळीच्या आधी. गाडीतून उतरताना बसले, ते उठलेच नाहीत. लेक शहरातून आली, आठवडाभर राहिली. कामाला वाघ आहे पोरगी. तिनं घर झाडून काढलं, औषधाच्या बाटल्या टाकून दिल्या, बापाचे सगळे शर्ट गरम पाण्यात भिजवून खळखळून धुतले आणि टोळीतल्या माणसांना वाटून टाकले. अंगणात दोरीवर ते भलेमोठे शर्ट वाळत होते तेव्हा वहिनी गोठ्यात होत्या. त्या बाहेर आल्या, दोरीकडे बघून पुन्हा आत गेल्या. मी तेव्हा त्यातून काही अर्थ काढला नाही.

मग मायलेकींचं बोलणं झालं. लेक म्हणत होती, शेळ्या विकून टाक आणि माझ्याकडे चल. तिचं घर चौथ्या मजल्यावर, जावईही स्वभावानं चांगला. इथे एकटीनं चार शेळ्यांमागे धावायचं, पडलीबिडलीस तर आम्हाला कळणार कधी? वहिनींनी उलट उत्तर दिलं नाही. त्या फक्त म्हणाल्या की एक वर्ष बघू. टाकी भरून दाखवते. हिरवा चारा येईपर्यंत टाकीनं चारी शेळ्या पोसल्या तर मी इथेच राहीन. नाही पोसल्या तर तू म्हणशील त्या बसनं येईन. लेकीनं ते कबूल केलं. मला हे वहिनींनीच कुंपणापाशी सांगितलं. साक्षीदार कुणीतरी हवा म्हणून सांगितलं असावं.

छाटणीचे दिवस आले. टोळीतली माणसं जुनी, ती वहिनींच्या फाटकापाशी फांद्या टाकून जाऊ लागली. वहिनी दिवसभर पाला ओरबाडायच्या. शेळ्या आपल्या खुंट्याला ताण देऊन बघत बसायच्या. मग एका दुपारी त्यांनी टाकीत पहिला थर दिला आणि त्यावर उतरल्या. त्या चणीनं इतक्या बारीक, की पाला दबायच्या ऐवजी त्यांनाच वर उचलतोय असं वाटत होतं. पुढे गेल्या की मागचा पाला पुन्हा फुगून बसायचा. बराच वेळ फिरल्या. मग टाकीच्या काठावर बसून राहिल्या.

थोड्या वेळानं माझ्या दाराशी आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊजी, राग मानू नका, पण तुमचं वजन किती?"

मी म्हणालो, काटा बघून खूप वर्षं झाली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. शेळी विकत घेताना बघतात तसं.

"माझ्याहून फार नाही," त्या म्हणाल्या. "पण दोघं मिळून यांच्याएवढे भरू."

आयुष्यात मला माझ्या वजनासाठी कुणी बोलावलं नव्हतं. मी गेलो. टाकीत उतरलो तर पाय लटपटायला लागले, कारण पाला पायाखाली हलतो. मग वहिनींनी माझ्या बाहीचं टोक धरलं, मी त्यांच्या शालीचं टोक धरलं, आणि आम्ही एकाच जागी, एकाच वेळी पाय टाकत फिरायला लागलो. वेगवेगळे फिरलो तर उपयोग नाही, वजन एका जागी पडायला हवं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. गल्लीतून जाणारा न्हावी थांबून बघत राहिला आणि म्हणाला, काका, वरात कुठे निघाली? मी लाजून खाली बघितलं. वहिनी म्हणाल्या, "जिथून निघालीये तिथेच परत येतीये. ये, तूही ये." तो हसत निघून गेला.

कोपरे मी एकट्यानं तुडवले. माझे पाय लहान आहेत, तेवढा एक गुण. चवड्यावर उभं राहून, भिंतीला हात टेकून, एकेक कोपरा दाबून बसवला. दिवसामागून दिवस असं चाललं आणि टाकी काठोकाठ भरली. वहिनींनी कागद अंथरला, कडा मातीनं लिंपल्या, वर टायर रचले. शेवटचा टायर ठेवून झाल्यावर त्यांनी त्यावर हातानं थोपटलं. झोपलेल्या मुलाला थोपटतात तसं.

मला वाटलं आता झालं. मी माझ्या खिडकीत परत गेलो. दुकान बंद केलं तरी कुणी कुणी घड्याळं आणून देतं, ती मी उजेडाला बसून उघडतो.

तिथून मला रोज एक गोष्ट दिसू लागली. दुपारची भांडी घासून झाली की वहिनी अंगणात येत. गल्लीकडे एकदा बघून घेत. मग माझ्या बाजूच्या कोपऱ्यावरचा टायर सरकवून कागदाचं टोक उचलत आणि गुडघ्यावर बसून तोंड आत नेत. फार वेळ नाही, चहा गाळायला लागतो तेवढाच. पुन्हा कागद दाबत, माती लिंपत, टायर ठेवत आणि आत जात. मला तो कामाचाच भाग वाटला. मीही चालू केलेलं घड्याळ रोज कानाशी धरून बघतो. एकदा कुंपणापाशी भेटल्या तेव्हा मी विचारलंही.

"मुरतंय का बघत होते," त्या म्हणाल्या.

वासावरून कळतं का, मी विचारलं.

"यांना कळायचं," असं म्हणून त्या शेळ्यांना पाणी द्यायला गेल्या.

झाडं रिकामी झाली. गल्लीतली धूळ उडायला लागली. दीड महिना उलटून गेल्यावर त्यांनी मला टाकी उघडायला बोलावलं. टायर काढले, कागद गुंडाळला. वरचा पातळ थर काळपट होता, तो तसा असतोच म्हणाल्या. मधला पाला हातात घेतला तर पिवळसर हिरवा, मऊ, आणि तोच वास. मी म्हणालो, "वहिनी, जमलं की." त्यांची नजर माझ्या बाजूच्या कोपऱ्याकडे होती.

त्या कोपऱ्यात पांढरी बुरशी आली होती, जुन्या कांबळ्यासारखी. त्यांनी दाताळ्यानं ती ओढली. खाली काळा, चिकट चिखल. हात घातला तर गरम. वास भिजून कुजलेल्या पोत्याचा. त्या खणत गेल्या आणि घाण भिंतीच्या कडेकडेनं पुढे जातच राहिली, पार दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. ठिपकी शेळी मान लांब करून तो चिखल हुंगायला आली, तशी वहिनींनी तिच्या तोंडावर चापट मारली. बुरशीचा पाला पोटात गेला तर गाभण शेळी जाते. एवढ्या वर्षांत त्यांनी शेळीवर हात उगारलेला मी बघितला नव्हता. त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण नंतर त्या तिची मान खाजवत उभ्या राहिल्या.

सगळी घाण बाहेर काढली तेव्हा टाकी जेमतेम अर्धी उरली. चार शेळ्यांना तेवढी पुरणार नाही हे कुणालाही दिसलं असतं. मी म्हणालो की चूक माझी, कोपरे मी तुडवले होते.

"नाही भाऊजी. बाकीचे तीनही तुम्हीच तुडवलेत. हा मी उघडत होते."

मग त्यांनी सांगितलं. खाली बघत, दाताळ्याचे दात पानांनी पुसत पुसत सांगितलं. शर्ट धुतल्यावर घरात यजमानांचं काही उरलं नव्हतं. कपाटात नाक घालून बघितलं तर साबणाचा वास. उशीलाही तोच. शेवटी टाकी मुरायला लागली आणि एक दिवस जवळून जाताना तो वास आला. कडेची माती जराशी तडकली होती. त्या दिवशी त्यांनी माती लिंपली. दुसऱ्या दिवशी कोपरा उचलला. उघडू नये हे मला कळत नव्हतं का, म्हणाल्या, शेळीलासुद्धा कळतं. रोज ठरवायचे, आज शेवटचं. वाटायचं, एवढ्याशा फटीतून जाऊन जाऊन हवा जाईल किती?

लोक उत्सुकतेनं घड्याळाची पाठ उघडतात, मी नेहमी त्यांना रागवायचो. वहिनींना काय म्हणणार? शेवटी मी म्हणालो, लेकीला सांगा, उंदरानं कागद कुरतडला. उंदीर काय कुणाच्याही घरी असतो.

"टायरखाली उंदीर?" त्या म्हणाल्या. "ती रोलरची लेक आहे, भाऊजी."

पुढल्या रविवारी लेक आली. तोवर वहिनींनी दोन शेळ्या ओळखीच्या दूधवाल्याला दिल्या होत्या. उरलेल्या पाल्यात दोनच शेळ्या निभतील असा त्यांचा हिशोब. शब्द चारांचा दिला होता हे त्या विसरल्या नव्हत्या. सकाळीच त्यांनी पिशवी भरून दाराशी ठेवलेली मला दिसली. मला बोलावलं होतं, पण बसायचं कुठे ते कळेना, म्हणून मी कुंपणाला टेकून उभा राहिलो.

लेक आली ती गोठ्यात डोकावली आणि तिथून सरळ टाकीपाशी गेली. पिशवीकडे तिनं बघितलंही नाही. त्या कोपऱ्यापाशी वाकली, भिंतीवरून बोट फिरवलं.

"कोपरे कुणी तुडवले?" तिनं विचारलं.

मी घसा खाकरला. पण वहिनी आधी बोलल्या. काकांनी नीट तुडवले, म्हणाल्या, उघडलं मी.

"कधी?"

"रोज."

"आई, तुला माहीत नाही?"

"माहितीये."

लेक बरंच काही बोलायच्या तयारीनं आली असावी. वहिनींनी शांतपणे, जसं मला सांगितलं तसंच सांगितलं, फक्त थोडक्यात. घरात यांचा वास कुठे उरला नव्हता, इथे येत होता. शर्टांचं नावही त्यांनी घेतलं नाही. पण लेकीला ते ऐकू आलं. तिनं दोरीकडे बघितलं. दोरीवर तेव्हा नुसता एक पंचा होता.

ती टाकीत वाकली आणि मधल्या चांगल्या पाल्याची मूठ भरून नाकाशी नेली. शाळेतल्या मुली ज्या वासाला नाक धरायच्या, तोच तो.

"मला वाटलं, तुला यातून सोडवते आहे," ती म्हणाली. आईकडे न बघता म्हणाली.

वहिनी म्हणाल्या, ठरलं तसं मी येते, पिशवी भरून ठेवली आहे. उरलेल्या दोन शेळ्यांचंही बघायला दूधवाला तयार आहे.

लेक मुठीतला पाला कुस्करत होती. "चौथ्या मजल्यावर तू काय उघडणार आहेस?" ती म्हणाली. मग पिशवी उचलून तिनं आत नेऊन ठेवली.

लेकीनं चपला काढल्या, सलवार वर खोचली आणि टाकीत उतरली. खणल्यामुळे उघडी पडलेली पाल्याची बाजू तिनं आधी पायांनी दाबून घेतली, मग चवड्यावर उभी राहून उरलेले कोपरे. चांगली मोठी बाई झाली आहे आता, अंगानं बापावर गेली आहे. तरी कोपऱ्यात तिचा पाय बरोबर बसला. वहिनी कडेनं सुटा पाला आत लोटत राहिल्या. दोघींनी मिळून कागद बसवला. मधल्या जागेत मात्र कुणी फिरत नव्हतं, ते मला सारखं दिसत होतं.

जायच्या वेळी वहिनींनी तिच्या हातावर घालायला पाण्याचा तांब्या पुढे केला. ती म्हणाली, राहू दे. तशाच हातांनी बसमध्ये चढली.

महिन्याभरानं पुन्हा आली तेव्हा तिनं काचेची बरणी आणली. झाकणाला रबर असलेली, हवाबंद. टाकीतला पाला तीत ठासून भरला आणि आईला म्हणाली, उघडायचं तर हे उघड, टाकीला हात लावू नकोस. बापाच्याच आवाजात म्हणाली.

टाकी दोन शेळ्यांना हिरवा चारा येईपर्यंत पुरली, थोडी उरलीसुद्धा. यंदा छाटणीला टोळी आली, आम्ही पुन्हा बाही आणि शाल धरून फिरलो. न्हावी पुन्हा वरातीचं बोलला. माझा गुडघा आता दुखतो, पुढल्या वर्षी आमचं दोघांचं मिळूनही वजन पुरेल का, ठाऊक नाही. वहिनींनी या खेपेला टाकीच्या आधी बरणी भरली.

लेक महिन्या-दोन महिन्यांनी येते. बाकी दिवस तेच. दुपारी भांडी घासल्याचा आवाज थांबतो. मग झाकणाचा रबर सुटल्याचा एक बारीक आवाज येतो. इतका बारीक, की माझ्या टेबलावरची घड्याळं बंद असली तरच ऐकू येतो. त्यानंतर बराच वेळ त्या घरातून काहीच आवाज येत नाही.